दीड एकरातला साधा कॅम्प: आधी चूल मांडा, तंबूचं नंतर बघू

प्रश्न थोडक्यात असा आहे. भंडारदऱ्याजवळ, शेंडीपासून थोडं आत, वडिलोपार्जित दीड एकर वरकस जमीन आहे. मालक नाशिकला नोकरीला. तिथे वीज, डीजे, स्विमिंग पूल असलं काही न करता अगदी साधा कॅम्प चालवायचा, पाहुण्यांनी स्वतः चुलीवर रांधून खायचं, अशी कल्पना आहे. विचारलंय ते एवढं: तंबू किती घ्यावेत, चूल आणि शेकोटीची सोय कशी करावी, लोकांना काय शिजवायला द्यावं, परवानग्या काय लागतात, आणि रायगडकडची पोपटी, म्हणजे मडक्यात पाला आणि वालाच्या शेंगा भरून भाजतात ती, आपल्याकडे करता येईल का.

मी अकोले तालुक्यातच असा कॅम्प चालवतो, तेव्हा जे रोज हाताखालून जातं तेवढंच सांगतो.

तंबूंपासून सुरुवात करू नका. माणसं पैसे देतात ते संध्याकाळच्या चार तासांचे, विस्तव पेटवण्यापासून ताट उचलेपर्यंतचे. ते चार तास नीट गेले तर रात्री तंबूत कुडकुडलो हेसुद्धा लोक हसत सांगतात. ते बिघडले, म्हणजे साडेनऊ वाजले तरी भात कच्चा, पोरं रडकुंडीला, डोळ्यांत धूर, तर तंबू कितीही भारी असो, पुढच्या वेळी फोन येत नाही. म्हणून जागा, पाणी, सामान, वेळापत्रक, सगळं चुलीच्या हिशोबाने ठरवा.

जमिनीवर आधी संध्याकाळी जा. दुपारी जाऊन खुणा करून आलात तर खुणा चुकतील. डोंगरात दिवसा ऊन तापलं की वारा चढावर वाहतो. सूर्य मावळला की उलटं होतं, गार हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि ओहोळाच्या अंगाने वाहते. हिवाळ्यात तर हे डोळ्यांना दिसतं, कारण चुलीचा धूर वर न जाता जमिनीलगत खाली सरकत जातो. म्हणून चूल आणि शेकोटी उताराच्या खालच्या अंगाला, आणि झोपायची जागा तिच्या वर किंवा बाजूला. ओहोळाच्या तळाशी तंबू नकोच, गार हवा तिथेच साचते. डिसेंबर-जानेवारीत इथे पारा दहा अंशांच्या खाली जातो आणि बांधावर आणि खोलगट जागेत जाणवणारा फरक अंगावर काटा आणणारा असतो.

दुसरी गोष्ट, वर बघा. मोठ्या झाडावर किंवा जवळच्या कड्याला आग्यामोहोळ आहे का ते पाहून घ्या, आणि हे प्रत्येक हंगामात नव्याने पाहा, कारण या माश्या जागा बदलतात. मोहोळाखाली धूर गेला की त्या जे उठतात ते पाण्यात उडी मारली तरी सोडत नाहीत. आपल्या सह्याद्रीत गडांवर आणि देवळांपाशी असे प्रकार वारंवार घडतात आणि बहुतेक वेळा कारण धूर हेच असतं. मोहोळ दिसलं तर त्या बाजूला त्या वर्षी चूल नाही. मोहोळ काढायला माणूस बोलावण्यापेक्षा चूल हलवणं सोपं.

आता चूल. चूल वेगळी, शेकोटी वेगळी, हे पाहुण्यांना पहिल्या पाच मिनिटांत सांगावं लागतं. शहरातून आलेल्या माणसाच्या डोक्यात एकच मोठा जाळ असतो, त्याच्याभोवती बसायचं आणि त्याच्यावरच शिजवायचं. त्या जाळावर पातेलं ठेवता येत नाही, जवळ उभं राहता येत नाही, आणि लाकूड मात्र पोत्यांनी जातं. चूल लहान हवी. पातेल्याच्या बुडापेक्षा जाळ बाहेर आला की तो फुकट.

तीन दगडांची चूल पुरते. पण दगड ओढ्यातले उचलू नका. पाण्यात पडून राहिलेल्या दगडाच्या बारीक भेगांत पाणी असतं, ते तापून वाफ झाली की दगड फुटतो आणि कपच्या उडतात. शेताच्या बांधावरचे, वर्षानुवर्षं उन्हात पडलेले काळे दगड घ्या, किंवा सरळ भाजलेल्या विटा. दोन विटांच्या भिंती, मागे एक आडवी, वर लोखंडी सळ्यांची जाळी, एवढ्यात सहा माणसांचं जेवण निघतं. बारमाही वापरायच्या असतील तर गावातल्या एखाद्या मावशींकडून मातीच्या चुली घालून घ्या, शेजारी वैल असलेल्या. एका बाजूला भात शिजतो आणि वैलावर आमटी गरम राहते. चुलीचं तोंड वाऱ्याला तिरकं ठेवा. अगदी समोर ठेवलं तर जाळ मागून बाहेर पडतो, पाठ केली तर धूर रांधणाऱ्याच्या तोंडावर येतो.

चुलीभोवती दहा फुटांपर्यंत गवत खरवडून माती उघडी करा. तंबू तिच्यापासून तीस फूट लांब, कारण नायलॉनला ठिणगी लागली की भोक पडतं ते पडतंच, आणि शेकोटीची ठिणगी वाऱ्याबरोबर चांगली लांब जाते.

सरपणाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण नवीन कॅम्पवाले इथेच अडकतात. दहा माणसांच्या एका वेळच्या जेवणाला दहा-बारा किलो कोरडं लाकूड धरा. शेकोटीचं वेगळं, आणि ती चुलीपेक्षा जास्त खाते. चुलीसाठी बाभूळ उत्तम. जळते सावकाश आणि तिचा निखारा टिकतो. आपल्या पावसाळी पट्ट्यात ती फारशी नाही, ती अकोले-संगमनेरकडच्या वखारीतून आणावी लागते. सुबाभूळ चालते, आंब्याच्या वाळलेल्या फांद्या चालतात. पेटवायला तुराट्यांसारखं दुसरं काही नाही, त्या नसतील तर कारवीच्या वाळक्या काठ्या आणि गोवरीचा तुकडा. रॉकेल, डिझेल ओतून पेटवायची सवय कुणालाच लावू नका. भाकरीला वास लागतो ते सोडाच, पण अर्धवट पेटलेल्या चुलीवर रॉकेल ओतताना माणसं भाजतात.

लाकूड कोरडं आहे का ते असं बघा. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज यायला हवा. ओलं लाकूड बद्द वाजतं. टोकांना भेगा पडलेल्या असाव्यात. चुलीत घातल्यावर दुसऱ्या टोकाला फेस येऊन सूं सूं आवाज यायला लागला तर ते ओलं आहे, बाहेर काढा आणि चुलीच्या अंगाला वाळत ठेवा. वर्षभराचं सरपण मे महिन्यातच भरून ठेवायचं, जमिनीवर नाही, दगडांवर आडव्या फळ्या टाकून, वर पत्रा, आणि बाजू उघड्या. चारी बाजूंनी ताडपत्रीत गुंडाळलेलं लाकूड आतल्या आत बुरसतं.

काही झाडं चुलीत घालायचीच नाहीत आणि हे पाहुण्यांना माहीत नसतं, ते हाताला येईल ती काटकी उचलतात. कण्हेर विषारी, तिचा धूरही वाईट आणि तिच्या काडीला बटाटा टोचून भाजणं तर भलतंच. शेराचा चीक डोळ्याला जातो. बिब्ब्याचं लाकूड जाळलं तर धुराने अंग उततं, तोंड सुजतं, गावातल्या कुणालाही विचारा. आणि हिरवा बांबू आख्खा आगीत टाकला की पेरं फटाक्यासारखी फुटतात. म्हणून माझ्याकडे नियम एकच आहे: सरपण फक्त ढिगातलं, रानातली काटकी उचलायची नाही. त्याचा दुसरा फायदा म्हणजे आसपासच्या बायांना चुलीसाठी लागणारी वाळकी फांदी आपले पाहुणे पळवत नाहीत. त्यावरून गावात वाईटपणा येतो, आणि तो वर्षानुवर्षं राहतो.

आपल्याच जमिनीतलं झाड आहे म्हणून तोडू नका. साग, खैर, मोह, हिरडा, आंबा, ऐन अशी बरीच झाडं १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहेत. ती मालकीच्या रानात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

स्वयंपाकाची वेळ. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो आणि डोंगराआड त्याही आधी जातो. लोक चारला येतात, चहा पितात, फोटो काढतात, सात वाजता कुणाला तरी भूक लागते आणि मग कांदा चिरायला बॅटरी धरावी लागते. मी पाच वाजता चूल पेटवायलाच लावतो. चिराचिरी, निवडणं, पीठ चाळणं उजेडात. बाभळीचे चांगले निखारे पडायला पाऊण तास जातो आणि हा पाऊण तास फुकट घालवायचा नाही. मोठ्या जाळावर जे उकळायचं ते आधी: चहा, पिण्याचं पाणी, भाताचं आधण, डाळ. जाळ बसला, लाल निखारे राहिले की मग भाजायचं आणि भाकरीचं काम. शेवटी राखेत रताळी पुरायची, ती जेवण होईपर्यंत शिजतात आणि शेकोटीपाशी खायला मिळतात. हा क्रम एकदा कळला की सहावी-सातवीतली मुलंसुद्धा स्वयंपाक करतात.

भाकरी मात्र शिकवावी लागते आणि माझ्या मते कॅम्पमधली सगळ्यात मजेची गोष्ट तीच. आपल्याकडे तांदूळ पिकतो, तर तांदळाची भाकरी ठेवा. पाण्याला उकळी आली की चिमूटभर मीठ, मग पीठ घालून उलथण्याच्या दांड्याने एकदा हलवायचं आणि झाकण ठेवून उतरवायचं. ही उकड परातीत गरम असतानाच मळायची, हाताला पाणी लावत. हात भाजतो, त्याला इलाज नाही. गोळा पिठावर ठेवून थापायचा, कडेने फिरवत, मध्ये जाड राहू न देता. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा, आणि ते पाणी सुकायच्या आत, ओलसर चकाकी जायला लागली की लगेच उलटायची. उशीर झाला तर भाकरीला तडे जातात. दुसरी बाजू पक्की भाजली की तवा उतरवून निखारे चुलीच्या तोंडाशी ओढायचे आणि भाकरी त्यांच्यासमोर उभी टेकवायची. फुगते ती तिथे. नवखे लोक ती थेट जाळात धरतात, मग बाहेर काळे डाग आणि आत पीठ. आमच्याकडे मदतीला येणाऱ्या मावशी दर वेळी तेच सांगतात, ‘आधी आर (निखारे) पडू द्या, मग भाकर.’ तवा बिडाचा घ्या, पातळ पत्र्याचा वाकतो.

भांडी जर्मनची म्हणजे ॲल्युमिनियमची, जाड बुडाची, प्लास्टिकच्या मुठीशिवाय. चुलीवर चढवण्याआधी पातेल्याला बाहेरून चिखल आणि राख कालवून पातळ लेप द्या. काजळी त्या लेपावर बसते आणि धुताना लेपासकट निघून जाते. नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासणाऱ्या माणसाचे शिव्याशाप ऐकावे लागतात. घासायला राख आणि नारळाची शेंडी. साबणाचं पाणी ओढ्यात जाणार नाही असा शोषखड्डा करा, आणि त्याच्या कडेला केळी, अळू लावून टाका.

लागणाऱ्या इतर वस्तू फार नाहीत. फुंकणी (लोखंडी पाइपचा दीड हात तुकडा पुरतो), लांब चिमटा, सांडशी, परात, पाटा-वरवंटा किंवा खलबत्ता, दोन मोठे झारे, सुती फडकी. नायलॉनचे नॅपकिन नकोत, गरम भांडं धरताना हाताला चिकटतात.

आता काय शिजवायला द्यायचं. माझा अनुभव असा की लोकांना यादी दिली की ते पनीर टिक्का मागतात. यादी देऊच नका. टोपलीत जे आहे ते, आणि टोपलीत आपल्या भागातलं भरा. पिठलं सगळ्यात भरवशाचं, पंधरा मिनिटांत होतं आणि बिघडलं तरी खाता येतं. वांगी निखाऱ्यावर भाजून भरीत. कांदा सालीसकट राखेत. हिरव्या मिरचीचा ठेचा तव्यावर भाजून तिथेच तांब्याच्या बुडाने रगडलेला. खुरासणीची (कारळ्याची) चटणी, जी मुंबईच्या पाहुण्यांनी बहुतेक पहिल्यांदाच पाहिलेली असते. तुरीची डाळ कुकरशिवाय फार वेळ घेते, दुपारीच भिजवून ठेवा, नाहीतर मसूर द्या.

आणि शेंगोळे. मुलं असलेल्या घोळक्याला मी हमखास शेंगोळे करायला लावतो. हुलग्याचं (कुळथाचं) पीठ, त्यात थोडं ज्वारीचं, लसूण, तिखट, मीठ, हळद, घट्ट मळायचं. त्याच्या बोटाएवढ्या वळकट्या करून वेटोळं घालायचं. हे काम सगळे मिळून करतात, वाकडीतिकडी झाली तरी चालतात. मोठ्या पातेल्यात लसणाची फोडणी, भरपूर पाणी, खळखळून उकळी आल्यावरच शेंगोळे सोडायचे. उकळीआधी सोडले तर विरघळून लगदा होतो. सोडल्यावर लगेच डाव घालू नका. वीस-पंचवीस मिनिटांत शिजतात, थोडं पीठ सुटून रस्सा आपोआप दाट होतो. एक पातेलं, एक चूल, वर भात किंवा भाकरी, आणि थंडीत याच्या तोडीचं काही नाही.

चिकन-मटण देणार असाल तर माणसं आल्यावर आणा, सकाळी आणून फ्रीजशिवाय ठेवू नका. दारूबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं असेल. माझ्याकडे नाही, त्याचं कारण नीतीचं नसून शेजारी जलाशय आहे हे आहे. दारू पिऊन रात्री पाण्यात उतरलेल्या माणसाला काढायला कुणी जात नाही, जाऊ शकत नाही. पोहण्याचीही परवानगी देत नाही. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली गाळ आणि कपारी आहेत.

पाणी आणि संडास हे दोन विषय लोक मागे ठेवतात आणि कॅम्प त्यामुळेच बंद पडतात. पिण्याचं पाणी विहिरीचं असो की टँकरचं, खळखळून उकळा. पाऊस संपल्यावर लगेचच्या दिवसांत तर नक्कीच. संडास दोन शोषखड्ड्यांचा बांधा. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा, पहिला वर्ष-दीड वर्ष तसाच राहू दिला की आत कोरडं खत तयार होतं. खड्डे विहिरीपासून शंभर फूट आणि उताराच्या खालच्या बाजूला. खडकाळ जमिनीत पाणी भेगांतून लांबवर जातं, म्हणून अंतरात कंजुषी करू नका. ‘साधा कॅम्प आहे, रानात जा’ असं सांगितलेलं बायकांना आवडत नाही, आणि का आवडावं? उघड्या आकाशाखालचा अंघोळीचा आडोसा चालतो, चुलीवर तापवलेलं पाणी चालतं, पण संडासाला दार, कडी, पाणी आणि रात्री कंदील हवाच.

धोक्यांपैकी विंचू आणि साप पहिले. सरपणाच्या ढिगात हात घालायचा नाही, आधी काठीने ओंडका सरकवायचा. आपल्याकडे नाग, घोणस, फुरसं, मण्यार चारही आहेत. त्यात मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दुखत फारसं नाही, म्हणून कळत नाही. तंबूची चेन संध्याकाळपासूनच बंद, आणि उघड्यावर झोपायचा हट्ट असलेल्यांना खाट. चावल्यास मांत्रिक, चिरा, बांधणं काही नाही, हातपाय हलू न देता गाडीत घालून दवाखाना. १०८ ला फोन करताना तिथे रेंज कुठे मिळते ती जागा आधीच शोधून ठेवा. कोणत्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे हे हंगामाच्या सुरुवातीला स्वतः जाऊन विचारून या. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडतं हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिलं, त्यामुळे आता ग्रामीण दवाखान्यातही इलाज होतो. पण ते देणं डॉक्टरांचं काम.

शेगडी किंवा निखाऱ्यांची घमेली तंबूत न्यायची नाही. कितीही थंडी असो. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतला माणूस झोपेतच जातो. हे एक वाक्य मी प्रत्येक घोळक्याला सांगतो, कंटाळले तरी सांगतो.

वणव्याचं बोलायला हवं. पाऊस संपल्यावर कमरेएवढं वाढलेलं गवत जानेवारीपासून कडकडीत वाळतं. डिसेंबरातच सीमेवरून दहा-बारा फुटांचा पट्टा गवत कापून मोकळा करा. चुलीशेजारी पाण्याची दोन पिंपं आणि ओली गोणपाटं कायम. गवत पेटलं तर बादलीभर पाण्यापेक्षा ओल्या गोणपाटाने झोडपलेलं लवकर विझतं. झोपण्याआधी विस्तवावर पाणी ओतून राख ढवळायची, पुन्हा ओतायचं, मग हाताची पालथी बाजू जवळ नेऊन ऊब लागते का बघायचं. वरून माती टाकून विझवल्याचं समाधान मानू नका, आत निखारा रात्रभर जिवंत राहतो आणि सकाळच्या वाऱ्याने परत उठतो. मार्च ते मे मी शेकोटी बंदच ठेवतो, फक्त चूल.

तुमची जमीन कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या आत येते की बाहेर, हे आधी सातबारा आणि नकाशा घेऊन वनविभागात पक्कं करा. अभयारण्यात विस्तव पेटवायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे, राखीव जंगलात १९२७ च्या वन कायद्याने. जलाशयाच्या काठची, पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन पाटबंधारे खात्याची असते. तिथे तंबू ठोकून आपला कॅम्प म्हणणारे बरेच आहेत, तुम्ही त्यांच्या नादी लागू नका. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. ती करून घ्या. ग्रामपंचायतीला आणि पोलीस पाटलांना कळवा, पाहुण्यांच्या नावांची वही ठेवा.

काजव्यांच्या दिवसांबद्दल, कारण भंडारदरा म्हटलं की तोच फोन येतो. मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला काजवे दिसतात. काजव्यांचं चमकणं म्हणजे नर-मादीचं एकमेकांना बोलावणं, आपण गाड्यांचे दिवे आणि शेकोट्या लावल्या की ते त्यांना दिसेनासं होतं. त्या दिवसांत स्वयंपाक दिवस मावळायच्या आत उरकायचा आणि अंधार पडला की विस्तव नाही, टॉर्चला लाल कागद. न पटणाऱ्यांना दुसरा कॅम्प सुचवा. पावसाळ्यात तंबू मिटवून टाका, पडवी बांधलेली असेल तर तिच्यात चूल चालते.

तंबू किती? दीड एकरात सुरुवातीला पाच-सहा, चार माणसांचे, पण दोनदोन माणसांना एक. म्हणजे रात्री दहा-बारा माणसं. त्याला दोन चुली, एक शेकोटी, दोन संडास पुरतात आणि सगळ्यांची नावं तुम्हाला पाठ राहतात. वीसच्या वर गेलं की पाहुणे रांधत नाहीत, तुम्हाला आचारी लावावा लागतो, आणि मग तो कॅम्प राहत नाही, उघड्यावरचं हॉटेल होतं. तंबूखाली ताडपत्री आणि तिच्यावर भाताचं पिंजर पसरा. महागड्या गाद्यांपेक्षा पिंजर जमिनीचा गारवा चांगला अडवतं, मात्र तंबूत सिगारेट पेटवायची नाही हे बजावून. जनरेटर आणू नका. कंदील, सौरदिवे आणि फोन चार्ज करायला एखादी बॅटरी, बस.

पैशांचं: सरपण, भाजी, तांदूळ, दूध, अंडी गावातून रोख विकत घ्या, मावशींना दिवसाची मजुरी ठरवून द्या, ‘पाहुणे देतील ते’ असं ठेवू नका. फोनवर बुकिंग घेतानाच सांगा की स्वयंपाक तुम्ही करायचाय, वीज नाही, संडास बाहेर आहे, गाणी लावायची नाहीत. निम्मे लोक गळतात. जे येतात त्यांची तक्रार नसते.

राहिली पोपटी. ती मुळात रायगडची. भातकापणी झाल्यावर तिथल्या शेतांत वालाच्या शेंगा धरतात आणि बांधाबांधावर भांबुर्डी नावाचं सुवासिक तण उगवतं, त्यातून ती जन्मली. आपल्याकडे करता येते, पण शेंगा पनवेल-पेणच्या बाजारातून आणत बसू नका. वाल आणि घेवड्याच्या कितीतरी गावरान जाती आपल्याच तालुक्यात आहेत. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना बियाण्यांसाठी पद्मश्री मिळाली ती या असल्या वाणांमुळेच. बियाणं मिळवा आणि बांधावर लावा. भांबुर्डीचा पाला मात्र खात्रीने ओळखणाऱ्या माणसाकडूनच घ्यायचा, कुठलाही सुवासिक पाला कोंबायचा नाही. त्या पाल्याचाच वास शेंगांना लागतो, त्याच्याशिवाय ती पोपटी नव्हेच.

मडक्याच्या तळाला पाला, मग मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, बटाटे, रताळी, मध्ये अंडी किंवा पाल्यात गुंडाळलेलं मसाल्याचं चिकन, परत शेंगा, आणि तोंडाशी पाला घट्ट कोंबायचा. पाणी एक थेंब नाही, शेंगांच्या ओलाव्यात सगळं शिजतं. मडकं उपडं ठेवून भोवती गोवऱ्या, काटक्या, पेंढा रचून पेटवायचं. अर्धा तास ते पाऊण तास, मडक्याच्या आकारावर. झालं का ते बघायला मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारायचे. चर्र करून लगेच उडाले आणि शेंगांचा वास सुटला की काठीने राख बाजूला करून मडकं काढायचं. पाला उपसताना वाफ तोंडावर येते, पोरांना मागे ठेवा.

मडकी दोन-चार पोपट्यांनंतर तडकतात, तेव्हा जास्तीची लागतात. कुंभाराकडे नवरात्रात घटांची गडबड, दिवाळीत पणत्यांची, पौषात संक्रांतीच्या सुगडांची. दिवाळी उरकली की तो जरा मोकळा असतो, त्याच आठवड्यात ऑर्डर द्या आणि जाड बुडाची, अरुंद तोंडाची सांगा.